दरबार हॉलमधले तीन दिवस

आमच्या बंगल्याला गावात अजूनही 'नवा बंगला' म्हणतात. तालुक्यात त्याच्याइतकी जुनी आणि अजून धड उभी असलेली इमारत आता दुसरी नाही, पण नाव एकदा पडलं की पडलं. 'आमच्या' हा शब्दही तसा खरा नाही. बंगला आमच्या छोट्या संस्थानच्या राजांचा होता, पुढं तो सरकारजमा झाला, आणि आम्ही त्याच्या मागच्या अंगाला, तबेल्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होतो. माझे वडील, आण्णा, तिथले चौकीदार. पण ज्या अंगणात मी वयाची पहिली सतरा वर्षं काढली त्याला दुसऱ्याचं म्हणायला जीभ वळत नाही, आणि सत्तरीला टेकल्यावर ती वळवण्याचा कंटाळाही येतो.

संस्थान म्हणजे नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल एवढं. पण राजा तो राजा. त्याचं निशाण होतं, शिक्का होता, दसऱ्याला दरबार भरत होता. जुना वाडा पेठेत होता. तिथं दाटी, धूर, माश्या. गोऱ्या साहेबांच्या भेटी सुरू झाल्या तसं राजांना वाटलं, आपण संस्थानचे प्रमुख, आपलं राहणं तसं दिसायला हवं. म्हणून गावाबाहेर माळावर हा बंगला बांधला. लांबलचक सोपा, सागवानी खांब, मंगलोरी कौलं. दोन स्वयंपाकघरं: एक सोवळ्याचं आणि एक साहेब लोकांच्या खाण्याचं, मध्ये एवढं अंतर की एकाचा वास दुसऱ्याला जाऊ नये. चोवीस माणसं बसतील असं जेवणाचं टेबल. त्याचे चार तुकडे वेगळे होत आणि पितळी खिट्ट्यांनी पुन्हा जोडता येत. साहेबाच्या आंघोळीसाठी विलायतेहून आणलेला पांढरा टब. आणि मधोमध दरबार हॉल. त्याच्या छताला तीन झुंबरं आणि खाली काळ्या-पांढऱ्या फरशीचा पट.

संस्थान विलीन झालं तेव्हा आण्णा विशीत होते. माण तालुक्यातल्या एका वाडीवरची आमची माणसं, पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं हिंडणारी. आण्णा पोरसवदा असताना बंगल्यावर घोंगड्या द्यायला आले आणि हरकाम्या म्हणून तिथंच राहिले. राजांना सगळे 'सरकार' म्हणत. सरकारांनी चार पेट्या घेतल्या, आण्णांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला आणि पुण्याला निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत. नवीन सरकार आलं. आण्णा दोघांनाही सरकारच म्हणत. फक्त पहिलं सरकार खोकायचं, पान खायचं, रागावलं तर काठी आपटायचं. दुसरं कधी दिसलंच नाही, त्याचे कागद तेवढे यायचे. लहानपणी माझा फार घोटाळा व्हायचा. 'सरकारला चालत न्हाई' असं आण्णा म्हणाले की नेमकं कुठल्या सरकारला, हे मला कळत नसे. मला वाटतं, पुष्कळदा आण्णांनाही कळत नसावं.

पुढच्या तीन खोल्यांचं विश्रामगृह झालं. पश्चिमेच्या अंगाला रेशनचं गोदाम आलं. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात काही वर्षं बालवाडी भरली. टबात आई आमच्या शेळीला कडबाकुट्टी घालायची. शेळीला ते इतकं पसंत होतं की दुसऱ्या कशात घातलं तर ती तोंड लावत नसे. पण दरबार हॉल आण्णांनी कुणाला सहजासहजी दिला नाही. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम, शाळेचा बक्षीस समारंभ, एवढंच. आणि पायताण बाहेर. प्रांतसाहेब असो नाहीतर आमदार, आण्णा दारात हात जोडून उभे राहत आणि अगदी मऊ आवाजात म्हणत, "आवं, तेवढं पायताण भाईर काढायचं हाय." लोक हसत, पण काढत.

सोप्यात पितळी घंटा टांगलेली होती. संस्थानच्या काळात तासातासाला तिचे ठोके पडत. नव्या सरकारनं ती वाजवा असंही सांगितलं नाही आणि वाजवू नका असंही नाही, म्हणून आण्णा वाजवत राहिले. दुपारच्या बारा ठोक्यांवर माळावरच्या बायका भाकरी सोडत. त्या ठोक्यांचा, सोप्यातल्या पारव्यांचा आणि गोदामात धान्याची पोती टाकल्याचा धप्प आवाज, असे तीन आवाज मला अजून झोपेत येतात. घरात हुलग्याचं माडगं, शेंगोळे, मटकीची उसळ, बाजरीची भाकरी. विश्रामगृहात साहेब उतरला की कोंबडीचा रस्सा आणि कस्टर्ड. कस्टर्ड आई जुन्या खानसाम्याकडून शिकली होती. ते उरलं तर आम्ही भाकरीशी खायचो. हसण्यासारखं आहे, पण तशी चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही.

उन्हाळ्यात मी अभ्यासाला दरबार हॉलमध्ये जाई. थंडगार फरशीवर पालथं पडून भूगोल पाठ करायचा, कंटाळा आला की कुशीवर वळून झुंबरं बघायची. मॅट्रिक झाले, तेही वर्गात पहिली येऊन. आमच्या वाडीवरची एकही बाई तोवर सहीपुरतीसुद्धा शिकलेली नव्हती. साताऱ्याला डी.एड.च्या यादीत माझं नाव लागलं, तेव्हा आण्णांनी पेढे आणले नाहीत, त्यांनी झुंबरांवरच्या खोळी काढल्या, मला खाली उभं केलं आणि म्हणाले, "बघ. दसऱ्याच्या दरबाराला अशी दिसायची."

त्याच वर्षी वरून नसबंदीचा हुकूम आला. आज त्या दिवसांवर पुष्कळ लिहिलं, बोललं जातं. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की बाजारात गडी माणसं कमी दिसू लागली आहेत. मुंबईला असलेली माणसं गावाकडं यायची थांबली. जीप दिसली की लोक ओढ्यात उतरून पलीकडच्या डोंगराला लागायचे. मग एका दुपारी तालुक्याचे एक साहेब बंगल्यावर आले. मी सोप्यात बसून कंदिलाच्या काचा पुसत होते. साहेबांनी दारात बूट काढले होते आणि त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते मला स्पष्ट आठवतं, कारण आण्णांशी बोलताना ते सारखे त्या भोकाकडंच बघत होते.

"ज्ञानोबा, हॉल तीन दिवस लागणार. शिबिर आहे. जेवणाचं टेबल आत घ्या."

"टेबल हॉलमदी?"

"दोन तुकडे वेगळे करा. डॉक्टर दोन आहेत." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तुमच्या नावावर दोन केसेस आहेत."

आण्णांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा म्हणाले, "सायेब, मी सोताच झोपतो की."

"ती एक झाली. दुसरी आणा."

"आन न्हाई मिळाली तर?"

"तर या खोल्या खाली कराव्या लागतील. जागेवर दुसरा माणूस येईल. माझ्या हातात नाही ज्ञानोबा. माझ्या नावावर किती आहेत ते विचारूच नका."

साहेब वाईट नव्हते, हे मी आज लिहू शकते. त्या दिवशी मला ते वाईट वाटले असते तर बरं झालं असतं. नोकरी गेली तर आम्ही वाडीवर जाणार, वाडीवर गेलो की डी.एड. गेलं, आणि मग दिवाळीपर्यंत माझं लग्न. एवढा हिशेब मी काच पुसून होईतो केला होता. माणसं वाईट असतात म्हणून असं घडतं, ही समजूत मी शिक्षिका म्हणून कितीतरी वर्षं पोरांना शिकवली. माझी स्वतःची तशी समजूत कधीच नव्हती.

आठवडाभर आण्णा हिंडले. ओळखीच्या माणसांनी दारं लावून घेतली. एकजण म्हणाला, "ज्ञानू, तुझ्या बंगल्याचा चहा प्यालोय म्हनून आज काय बोलत न्हाई." आण्णा घरी येऊन भिंतीला टेकून बसत. घंटा मात्र चुकवत नसत.

शिबिराच्या आदल्या दिवशी भिवाकाका आला. भिवाकाका म्हणजे आण्णांचा धाकटा भाऊ, त्यांच्यापेक्षा बराच लहान. आजोबा लवकर गेले, म्हणून त्याला आण्णांनीच लहानाचं मोठं केलेलं. तो आणि सोनाकाकी मेंढरं घेऊन दरवर्षी दिवाळीनंतर कराडच्या खाली नदीकाठाला जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. परतताना बंगल्यामागच्या शेतात चार-पाच दिवस मेंढरं बसत. काकीला घरी येऊन दोन वर्षं झाली होती. आदल्या वर्षी वाटेतच तिचं एक पडलं होतं, चार महिन्यांचं. त्याबद्दल कुणी बोलत नसे. काका हसरा, ढिला, गाणाऱ्या गळ्याचा. आला की आधी आईला हाक मारायचा, "वैनी, माडगं हाय का?"

त्या दिवशी माडगं होतं, पण आण्णांचं तोंड बघून तो खाता खाता थांबला. आण्णांनी काही सांगितलं नाही. आईनं सांगितलं. ती रडत नव्हती; चुलीकडं तोंड करून, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगत होती. काकानं वाटी पुसून खाल्ली, उठला आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं मला हाक आली.

तो तबेल्यामागं चिंचेखाली बसला होता. हातात शिबिराचा छापील कागद. गोदामाच्या भिंतीवरचा काढून आणला असावा, मागं अजून खळ चिकटलेली होती.

"शाले, तू शिकल्याली हायस. ह्यात काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. लहान कुटुंब, सुखी कुटुंब, दुखत नाही, लगेच घरी जाता येतं.

"त्ये न्हाई. मी काय म्हनतो, परत सरळ हुतं का? उद्या आमाला पोर हवं झालं तर?"

हे मला कागदावरून नव्हे, पण माहीत होतं. दोनच दिवसांपूर्वी शिबिराची नर्सबाई सोप्यात बसून चहा पीत होती आणि गोदामाच्या हमालानं तिला हाच प्रश्न विचारला होता. ती म्हणाली होती, "मोठ्या दवाखान्यात पुन्हा जोडतात. पण होईलच याची खात्री नाही हो, बहुतेकदा नाहीच होत." हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. भिवाकाका माझ्याकडं बघत होता. त्याच्या मिशीला माडगं लागलं होतं.

"मोठ्या दवाखान्यात परत जोडत्यात काका," मी म्हणाले. "नर्सबाईच सांगत हुत्या."

"असं व्हय?" त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग काय. चार-दोन वरसांनी मिरजंला जाऊन जोडून घिऊ. दादाला सांग, माजं नाव लाव म्हनावं. आन तुज्या काकीला ह्यातलं काय बोलू नगंस, ती उगं घाबरंल."

मी पुढचं वाक्य सांगितलं नाही. विसरले नव्हते. ते जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला म्हणत राहिले की मी सतरा वर्षांची होते, घाबरले होते, काका मुळातच तयार झालेला होता. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही ते वाक्य मला येत होतं, आणि मी ते म्हटलं नाही.

आण्णा आधी नको म्हणाले. खूप वेळ नको म्हणाले. "त्याचं आजून काय झालंय?" असं आईला विचारत राहिले. मग मी त्यांना सांगितलं की पुन्हा जोडता येतं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की." शिकलेल्या पोरीवर आण्णांचा फार विश्वास होता.

पहिल्या दिवशी सकाळी ट्रक आले. कुठल्या कुठल्या गावची माणसं: म्हातारे, तिशीतले, एक तर नुकताच बाजारातून उचललेला, हातात अजून भाजीची पिशवी. आण्णा हॉलच्या दारात हात जोडून उभे राहिले. "पायताण तेवढं..." पण कुणाचं लक्ष नव्हतं. शेणानं भरलेल्या वहाणा, पोलिसांचे बूट, कंपाउंडरच्या चपला, सगळं त्या फरशीवरून गेलं. टेबलाचे दोन तुकडे झुंबरांच्या खाली लावले होते, त्यांवर मेणकापड. भिंतीकडंनं गाद्या टाकलेल्या. फिनेल आणि स्पिरिटचा वास. दहा वाजले तेव्हा आण्णा दारातून हलले, घंटेपाशी गेले, दहा ठोके दिले, परत आले आणि स्वतः पायातल्या वहाणा बाहेर काढून टेबलावर जाऊन झोपले. टेबल ओळखीचं असल्यासारखा त्यांनी एक हात खालून त्याच्या कडेला लावून ठेवला होता. तीसेक वर्षं त्यांनी त्याला तेल लावलं होतं.

शिबिराच्या कारकुनानं माझं अक्षर बघितलं आणि मला फॉर्म भरायला बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भिवाकाका रांगेत आला. आपलं माणूस समोर आलं म्हणून मी उगाचच पेन झटकलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय लिहिलं. पुढचा रकाना अपत्यांचा.

कारकून मान वर न करता म्हणाला, "दोनच्या खाली असेल तर फॉर्म परत येतो."

काका माझ्याकडं बघत होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी काय लिहीन ते त्याच्यासाठी खरं होतं. मी लिहिलं: मुलगा एक, वय चार. मुलगी एक, वय दोन. कारकुनानं शिक्का मारला.

ती दोन मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली असती. मला स्वतःला दोन मुलं झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांना अंगाखांद्यावर खेळवताना मला पुष्कळदा त्या कागदावरच्या दोघांची आठवण यायची, आणि तेव्हा नवऱ्याला वाटायचं की मी दमले आहे. दमलेली असायचेही.

काकाला एक ब्लँकेट आणि तुपाचा डबा मिळाला. डबा त्यानं आईला दिला. ब्लँकेट बोटांनी चाचपून बघितलं, "ह्यात लोकर कुटं हाय?" म्हणाला आणि बिऱ्हाडाच्या घोड्याच्या पाठीवर टाकलं. काकीला सांगितलं, ताप होता म्हणून सुया टोचल्या. शेतातल्या पालापाशी तिनं त्याला पाणी तापवून दिलं, विटकरीनं शेकलं. दोन दिवसांनी ती मेंढरं घेऊन गेली. तो मागून पाय फाकवून हळू चालत होता आणि ती मागं वळून त्याला हसत होती, "म्हातारा झालास काय रं?"

शिबिर उठल्यावर आण्णांनी हॉल धुतला. तीन वेळा धुतला. टेबलाचे तुकडे जोडले, पण एक खिट्टी बसेना, तशीच ठेवली. त्यानंतर पाहुण्यांना बंगला दाखवताना ते खोल्या दाखवत, टब दाखवत, दोन स्वयंपाकघरांची गंमत सांगत, आणि हॉलच्या दारातून पुढं जात. "तितं काय न्हाई बघण्यासारखं," म्हणत. पायताण काढा असं त्यांनी पुन्हा कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता तिथं संग्रहालय होतंय. मागच्या महिन्यात त्या कामावरच्या एका मुलीचा सांगलीला मला फोन आला. गोड बोलत होती. चौकीदाराची मुलगी म्हणून माझं नाव तिला कुणीतरी दिलं होतं. पाटीवर लिहायला माहिती हवी होती. राजांचं शयनगृह कोणतं, निशाण कुठं लागायचं, गोरा साहेब कुठल्या दारानं आत येई. मी सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "आणि आजी, विलीनीकरणानंतर दरबार हॉलचा उपयोग कशासाठी झाला?" मी म्हणाले, समारंभ, शिबिरं. "कसली शिबिरं?" "आरोग्याची." तिनं लिहून घेतलं. एवढ्या वयातही मी तेच केलं होतं. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या दुपारी.

मी साताऱ्याला गेले, डी.एड. झाले, सांगलीला नोकरी लागली, लग्न झालं. पाच-सहा वर्षांनी भिवाकाका एकटाच शाळेच्या दारात उभा. धुतलेलं धोतर, नवा पटका. "शाले, मिरजंला चल. जोडून घिऊ." मी रजा काढली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, एक लहान ऑपरेशन केलं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावून सांगितलं की उपयोग झालेला नाही आणि होणारही नाही. मिरजेच्या स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. काकानं द्राक्षं घेतली होती. घड काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तू तोंड पाडू नगंस. तुजं काय चुकलं? तू आयकल्यालं सांगितलंस." तेव्हा सांगायला हवं होतं. मी द्राक्षं खाल्ली. गाडी लागली, तो गेला.

त्यानं काकीला शेवटपर्यंत सांगितलं नाही. लाजेनं नसेल, मला वाटतं, सांगितलं असतं तर आण्णांचं नाव आलं असतं, म्हणून. मग लोकांनी जे बोलायचं ते काकीला बोललं. तिनं सोमवार धरले, अंगारे खाल्ले, म्हसवडच्या सिद्धनाथाला वर्षानुवर्षं नवस केले. रस्त्यानं मेंढरं नेताना एका ट्रकनं काकाला उडवलं, तेव्हा तिची चाळिशीही आली नव्हती. आण्णा तेव्हा थकलेले, अंथरुणाला खिळलेले. बाराव्याला वाडीवर बायका जमल्या. त्यांतल्या एकीनं, काकीला ऐकू जाईल असं, म्हटलं, "मागं दिवा लावायला बी कोन न्हाई. ह्या वांझंनं घर बुडवलं."

काकी पितळ्या घासत होती. तिनं मानही वर केली नाही. तिला सवय झाली होती. ती सवय मला बघवेना. मी तिला हाताला धरून मेंढरांच्या वाड्याकडं नेलं आणि काट्यांच्या कुंपणाशी उभं राहून सगळं सांगितलं. साहेब, आण्णा, चिंच, कागद. नर्सबाई पूर्ण काय म्हणाली होती तेही सांगितलं. फॉर्मवरची दोन पोरं सांगितली.

ती मारेल असं मला वाटलं होतं. मारायला हवं होतं. ती खाली बसली, राखेनं भरलेले हात मांडीवर पालथे ठेवून. मग म्हणाली, "बारा वरसं."

"काकी..."

"बारा वरसं म्या त्याला शिव्या दिल्या गं. सिद्धनाथाला. किती दिल्या त्याला गनती न्हाई. एकदा मेंढरं घिऊन देवळाम्होरनं जाताना थुकले हुते. म्हनलं, तू द्याव न्हाईस, दगुड हायस." तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते. "त्याचा काय गुन्हा हुता? त्याच्या हातात काय ठिवलं हुतं तुमी?"

माझ्याबद्दल, आण्णांबद्दल, काकाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. उठली, हात धुतले, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "म्हसवडला जायाचं हाय. आत्ता."

बाराव्याची माणसं बघत राहिली. मी तिच्यामागं गेले. फाट्यावर एस.टी. मिळाली. वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिकिटं काढली, तिनं ती माझ्या हातातून घेतली नाहीत. देवळात त्या दिवशी गर्दी नव्हती. उन्हं कलली होती, फरसावर दोन-तीन बायका फुलांच्या पुड्या घेऊन बसल्या होत्या. काकीनं वहाणा काढल्या. मीही काढू लागले, तसा तिनं माझ्या दंडाला हात लावला. त्या सबंध दिवसात तिनं मला केलेला तो पहिला स्पर्श.

"तू भाईर थांब," ती म्हणाली. "ह्ये माजं आन त्याचं हाय."

ती एकटी आत गेली. मी पायरीशी उभी राहिले. आतून घंटेचा एक ठोका आला आणि मग काहीच आलं नाही. ती बाहेर आली तेव्हा कपाळाला भंडारा होता आणि चेहऱ्यावर मला वाचता येण्यासारखं काही नव्हतं. माझ्याकडं न बघता तिनं पायरीवरच्या वहाणा पायात सरकवल्या आणि स्टँडच्या रस्त्याला लागली. मी दहा पावलं मागं राहून चालत होते. तिनं थांब म्हटलं नाही, की चल म्हटलं नाही. अंतर मात्र तिनं वाढवलं नाही.